सोसायटीची वर्षअखेर आणि घरचे बियाणे

३१ मार्च उलटला की गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांचा वार्षिक हिशेब पुरा होतो. कर्ज किती वाटले, वसूल किती झाले, थकबाकीत कोण राहिले, याची यादी पंचमंडळींपुढे येते. ही यादी वाचताना लक्ष रकमेवर असते. परंतु थकबाकीचे मूळ पुष्कळदा मागील जूनमधील पेरणीत सापडते. बी उगवले नाही, दुबार पेरणी करावी लागली, पीक मागे पडले. कर्ज मिळाले एका पेरणीपुरते, खर्च झाला दोन पेरण्यांचा, आणि फेडीची तारीख तीच राहिली. थकबाकीदारास नवे पीककर्ज मिळणे कठीण. म्हणून एका हंगामातील चूक पुढील हंगामासही बाधते.

मराठवाडा व विदर्भातील सोयाबीन उत्पादकांस २०२० चा खरीप स्मरत असेल. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऐन काढणीच्या वेळी पावसाने झोडपले. उभे पीक भिजले, सुड्याही भिजल्या. पुढील जूनमध्ये पेरणी झाली तेव्हा उगवण न झाल्याच्या तक्रारी हजारोंच्या संख्येने आल्या. त्यांत विकतचे बियाणे पेरणारेही होते. पिशवी नामांकित आहे एवढ्यावर विसंबणे बरे नव्हे.

सोयाबीनचे बी मोठे नाजूक. त्याचे टरफल पातळ असून अंकुर अगदी टरफलालगत असतो. पोते आपटले, थप्पी फार उंच रचली किंवा मळणी यंत्र वेगाने चालविले, तर दाणा वरून धड दिसतो आणि जमिनीत कुजतो. डोळ्यांनी हे ओळखता येत नाही. याकरिता उगवणशक्तीची परीक्षाच घ्यावी. ती एप्रिल-मे महिन्यांत घ्यावी, म्हणजे बियाणे बदलण्यास अवधी राहतो.

निरनिराळ्या पोत्यांतून मूठमूठ बी काढून एकत्र मिसळावे. त्यातील १०० दाणे, निवड न करता, मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडून वर दुसरे ओले गोणपाट घालावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी व रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी निकोप मोड आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा अधिक निघाल्यास एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६५ निघाल्यास सुमारे ३२ किलो, ६० निघाल्यास ३५ किलो वापरावे. त्याहून कमी निघाल्यास ते बी पेरणीस वापरू नये.

येथे सोसायटीस मोठे काम आहे. ज्या गावी २०० एकर सोयाबीन आहे, तेथे ६० क्विंटल बियाणे लागते. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने प्रमाणित बियाण्यापासून आलेले बी पुढे दोन-तीन वर्षे चालते. सर्वच बियाणे दरवर्षी विकत आणण्याचे कारण नाही. गटसचिव व कृषी कार्यकर्ते यांनी मिळून घरोघरच्या बियाण्याची परीक्षा घ्यावी आणि कोणाकडे चांगले बी किती शिल्लक आहे, याची यादी कार्यालयाबाहेर लावावी. आपल्या शेतातील बी छाप न लावता दुसऱ्यास देण्याची वा विकण्याची मुभा शेतकऱ्यास २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिली आहे.

पेरणीपूर्वी बियाण्यास प्रथम बुरशीनाशक चोळावे. रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू नंतर लावावेत आणि बी सावलीत सुकवावे. पहिल्या सरीवर तिफण काढण्याचा मोह होतो, तो आवरावा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावरच पेरावे आणि बी तीन-चार सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये. विकतचे बियाणे वापरले असेल त्यांनी पावती, पिशवीवरील खूणचिठ्ठी व मूठभर बी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावे. तक्रार करण्याची वेळ आल्यास तेच प्रथम मागितले जाते.