सायकलस्वारी : स्वातंत्र्य, आनंद आणि सुरक्षिततेचे नियम

बीजसंज्ञा : सायकल, खेळ, जोखीम, हेल्मेटसक्ती, वाहतूक-नियमन, बालशिक्षण

प्रस्तावना :

उतारावर पाय थांबवून सायकल सोडून देणे आणि वारा अंगावर घेणे हा अनुभव महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी घेतला आहे. एकेकाळी गावोगावच्या सायकल दुकानांतून तासाच्या भाड्याने लहान सायकली मिळत. पहिल्या तासात गुडघे फुटत आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाड्यात सायकल वश होई. आज सायकल बहुधा घरचीच असते. परंतु ती घेऊन मुलाने रस्त्यावर जावे असे पालकांना वाटत नाही. ही भीती निराधार नाही. तथापि, रस्त्यावर न गेलेले मूल अपघातातून वाचते हे जितके खरे, तितकेच ते रस्ता शिकत नाही हेही खरे. सायकलस्वारीतील स्वातंत्र्य व आनंद आणि सुरक्षिततेचे नियम यांचा मेळ कसा घालावा, कोणता नियम स्वाराला अधिक समर्थ करतो आणि कोणता त्यालाच रस्त्यावरून हटवून सुरक्षितता साधतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळ, जोखीम आणि तोल :

नियम आणि आनंद हे परस्परांचे शत्रू आहेत असा सर्वसाधारण समज आढळतो. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात नियम हे खेळाचे अंगभूत लक्षण मानले आहे. नियमांविना खेळ उरत नाही. फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी एक भोवळीचा, म्हणजे तोल क्षणभर सुटल्याच्या सुखाचा आहे. उतारावरची सायकल याच प्रकारात मोडते. नॉर्वेतील संशोधिका एलेन सँडसेटर यांनीही मुलांच्या जोखमीच्या खेळांची वर्गवारी करताना मोठ्या वेगाला स्वतंत्र स्थान दिले आहे. तात्पर्य, सायकलच्या आनंदात थोडी भीती मिसळलेलीच असते; ती पूर्णपणे काढून टाकली तर आनंदही जातो.

हे केवळ मानसशास्त्र नव्हे, यंत्रशास्त्रही आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवून स्वार तोल सावरतो. नवशिक्याची प्रवृत्ती नेमकी उलट असते, म्हणून तो पडतो. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना छोटी आधारचाके लावली की सायकल कलतच नाही. मूल पडत नाही, पण तोल सावरण्याची क्रियाही त्याला शिकता येत नाही. चाके काढली की शिक्षण पुन्हा आरंभापासून सुरू होते. याउलट अलीकडे प्रचारात आलेल्या पायडलविरहित सायकलीवर मूल जमिनीला पाय टेकवत पुढे सरकते. सायकल कलते, मूल सावरते, आणि फारच कलली तर पाय टेकवते. दोन्ही साधने सुरक्षिततेसाठीच आहेत. पहिले जोखमीबरोबर कौशल्यही काढून घेते. दुसरे कौशल्य राखून पडण्याची किंमत तेवढी कमी करते. सायकलविषयक नियमांनाही हीच कसोटी लावून पाहता येते.

बिल्ला, दिवा आणि डबलसीट :

महाराष्ट्रातील जुन्या पिढीला सायकलचे तीन नियम आठवतात : नगरपालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा आणि डबलसीटला मनाई. त्यांपैकी बिल्ला हा कराचा भाग होता. सुरक्षिततेशी त्याचा संबंध नव्हता. दिव्याचा नियम मात्र आजही निर्विवाद ठरावा. रस्त्यावर विजेचे खांब असताना दिवा कशाला, असे अनेक स्वारांना वाटते. कारण दिवा आपल्याला दिसण्यासाठी असतो अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः तो प्रामुख्याने आपण इतरांना दिसावे यासाठी असतो. जुना डायनॅमोचा दिवा सायकल थांबली की विझे, म्हणजे चौकात उभे राहिल्यावर, नेमका गरजेच्या वेळी. बॅटरीच्या दिव्याने ही उणीव दूर केली आहे. दिव्यामुळे स्वाराचे काहीच हिरावले जात नाही, उलट रात्रीचा रस्ता त्याला खुला होतो.

डबलसीटचा प्रश्न एवढा सरळ नाही. नेदरलँड्समध्ये सायकलच्या कॅरिअरवर दुसऱ्याला बसविण्यास कायद्याची आडकाठी नाही. आठ वर्षांखालील मुलाला मात्र योग्य आसन व आधार द्यावा लागतो. दोघांनी शेजारी-शेजारी सायकल चालविण्यासही तेथे परवानगी आहे, आणि गप्पा मारत जाणे हा सायकलच्या आनंदाचा मोठाच भाग असल्याने ही परवानगी क्षुल्लक नव्हे. दांडीवर बसलेली व्यक्ती हँडलच्या हालचालीत व स्वाराच्या नजरेआड येते, हा धोका खराच. कॅरिअरवर बसलेल्या लहान मुलाचा पाय आऱ्यांत अडकून होणाऱ्या जखमा अस्थिशल्यचिकित्सकांच्या परिचयाच्या आहेत, आणि साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गुंतणे हा आपल्याकडचा खास धोका. त्यावरचा उपायही आपल्याकडेच रूढ झाला : चाकावरील साडीगार्डची जाळी. सरसकट मनाईपेक्षा जाळी, पाय ठेवायला आधार आणि दांडीऐवजी कॅरिअर एवढी अट घातली, तर बहिणीला शाळेत सोडणाऱ्या भावाला गुन्हेगार ठरविण्याची वेळ येत नाही.

हात सोडून सायकल चालविणे हे आणखी एक उदाहरण. जर्मनीच्या वाहतूक नियमांत त्यास स्पष्ट मनाई आहे. मोकळ्या माळावरच्या रस्त्यावर हे धाडस केवळ स्वतःच्या जबाबदारीवर होते. चौकात मात्र ब्रेकवर बोट नसलेला स्वार पादचाऱ्यासही इजा करू शकतो. कृती एकच असूनही स्थळ बदलले की तिचा नैतिक अर्थ बदलतो, आणि चांगल्या नियमाने हा भेद ओळखला पाहिजे.

हेल्मेटसक्तीचा वाद :

या विषयावर सर्वाधिक वाद हेल्मेटसंबंधी झाला आहे. हेल्मेट उपयोगी आहे यात फारसा संशय नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या ऑलिव्हिए व क्राइटन यांच्या निबंधात हेल्मेटमुळे डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटते असे आढळले. प्रश्न हेल्मेटचा नसून सक्तीचा आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सर्व सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. न्यूझीलंडने १९९४ मध्ये हाच मार्ग स्वीकारला. हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले. मात्र मेलबर्नमध्ये कायद्यापूर्वी व नंतर त्याच ठिकाणी केलेल्या गणनांत सायकलस्वारांची संख्याच सुमारे एक तृतीयांशाने घटलेली दिसली, आणि किशोरवयीनांत ही घट विशेष होती. यातील किती घट कायद्यामुळे झाली याविषयी संशोधकांत आजही एकमत नाही.

घटीला महत्त्व का द्यावे, याचे उत्तर पीटर जेकबसन यांच्या २००३ मधील निबंधात मिळते. सायकलस्वार व पादचारी यांची संख्या वाढते तेव्हा अपघात त्याच प्रमाणात वाढत नाहीत असे त्यांना विविध देशांच्या आकडेवारीत आढळले. त्यांच्या सूत्रानुसार सायकलस्वार दुप्पट झाले तर अपघात सुमारे एक तृतीयांशाने वाढतात. म्हणजेच दरडोई धोका जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. मोटारचालकाला सायकली दिसण्याची सवय होते, हे त्यांनी सुचविलेले कारण. कार्यकारणाची दिशा उलटही असू शकते. सुरक्षित रस्त्यावर लोक अधिक येतात. तरीही सहस्वारांना घरी बसविणारा नियम उरलेल्यांना एकाकी करतो, एवढे म्हणण्यास आधार आहे.

सक्तीची अंमलबजावणी कोणावर होते हाही प्रश्न आहेच. अमेरिकेतील सिअ‍ॅटल ज्या किंग परगण्यात आहे, तेथील हेल्मेटसक्ती २०२२ मध्ये रद्द झाली. दंड होणाऱ्यांत बेघर व कृष्णवर्णीय व्यक्तींचे प्रमाण विषम असल्याचे त्यापूर्वी निदर्शनास आले होते.

महाराष्ट्राला आगरकरांपासून परिचित असलेल्या जॉन स्ट्युअर्ट मिल यांनी १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये मोडक्या पुलाचे उदाहरण दिले आहे. पूल धोक्याचा आहे हे माहीत नसलेल्या वाटसरूला धरून थांबविणे योग्य. पण धोका केवळ संभाव्य असेल आणि वाटसरू जाणता असेल, तर त्यास सावध करावे, अडवू नये. मूल किंवा भ्रमिष्ट व्यक्ती मात्र त्यांनी अपवाद मानली. हेल्मेटच्या बाबतीत हा निकष आश्चर्यकारकरीत्या उपयुक्त ठरतो : मुलांच्या डोक्यावर ते आग्रहाने असावे, प्रौढाला माहिती द्यावी व निर्णय त्याच्यावर सोडावा.

रस्त्याला लावलेले नियम :

नेदरलँड्सचे उदाहरण पुनःपुन्हा दिले जाते. परंतु तेथील स्थिती प्रथमपासून तशी नव्हती, हे सहसा सांगितले जात नाही. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. मुलांनी सायकल चालवू नये अशी तिची मागणी नव्हती. मोटारींनी सावकाश जावे, रस्ते बदलावेत, अशी होती. १९७६ मध्ये निवासी गल्ल्यांना पायी चालण्याच्या वेगाचे बंधन घालणारी ‘वोनएर्फ’ ही संकल्पना तेथील कायद्यात आली. पुढे वस्त्यांतून ताशी ३० किलोमीटरची मर्यादा पसरली. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनाची गतिज ऊर्जा ताशी ३० च्या वाहनाच्या पावणेतीन पटींहून अधिक असते, हे लक्षात घेतल्यास या मर्यादेचे मोल कळते. मोटारीच्या धडकेत चौदा वर्षांखालील सायकलस्वार जखमी झाल्यास नुकसानभरपाईचा भार तेथे जवळपास नेहमीच मोटारचालकाच्या बाजूवर पडतो.

यावरून डच स्वार नियममुक्त आहे असे मात्र समजू नये. साध्या सायकलीवर हेल्मेटसक्ती नाही. पण दिव्याविना फिरल्यास दंड होतो, आणि १ जुलै २०१९ पासून सायकल चालविताना हातात मोबाइल धरण्यासही बंदी आहे. हा मार्ग सर्वस्वी निर्दोषही नाही. २०२२ मध्ये तेथे २९१ सायकलस्वार मरण पावले. त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते, आणि विजेवरच्या वेगवान सायकलींमुळे प्रौढांनी स्वेच्छेने हेल्मेट घालावे असा प्रचार आता तेथेही सुरू झाला आहे.

आपल्याकडे बहुधा याच्या उलट दिशेने विचार झाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटचे कलम पायडलच्या सायकलीस लागू नाही. त्या अर्थाने भारतीय सायकलस्वार मोकळा आहे. पण मोकळीक देऊन रस्ता काढून घेण्याचा प्रकार घडतो. कोलकात्यात २०१३ मध्ये पोलिसांनी सुमारे पावणेदोनशे रस्त्यांवर सायकलींना बंदी केली. वाहतूक सुरळीत व्हावी आणि अपघात टळावेत ही कारणे होती; झळ पोहोचली ती दूधवाले, वृत्तपत्र विक्रेते व कारागीर यांना. विरोधानंतर यादी आखूड झाली आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर आणखी सवलती मिळाल्या. सायकलच नसलेल्या रस्त्यावर सायकलचा अपघात होणार नाही, हे उघडच आहे. आधारचाकांचा तर्क येथे शहरभर लावला गेला.

या रस्त्यांवर काय पणाला लागते, याची कल्पना दोन उदाहरणांवरून यावी. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकारंभी साक्षरता मोहिमेस सायकल शिक्षणाची जोड दिली गेली आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. बिहारने २००६ पासून नववीतील मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले. मुरलीधरन व प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे मुलींचा माध्यमिक शाळाप्रवेश ३२ टक्क्यांनी वाढला. मुलींना एकटे जाऊ देण्याच्या भीतीवर या गटागटाने जाणाऱ्या सायकलींनी मात केली, ही गोष्ट जेकबसन यांच्या आकड्यांशी जुळणारीच म्हणावी लागेल.

मुलांचे सायकल शिक्षण :

महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. अशा सायकलीसोबत काही तासांचे शिक्षण जोडणे अवघड नाही, आणि त्यात उपदेशापेक्षा सराव अधिक हवा. पुढचा ब्रेक धरला की माणूस उलटतो या धास्तीने अनेकजण केवळ मागचाच वापरतात. वास्तविक वजन किंचित मागे घेऊन दोन्ही एकत्र दाबले तर सायकल कितीतरी कमी अंतरात थांबते. शाळेच्या मैदानावर खडूची रेघ ओढून हे दाखविता येते, आणि मुलांना ती स्पर्धाच वाटते. सरळ रेषा न सोडता मागे वळून पाहणे, उभ्या मोटारीपासून उघडणाऱ्या दाराइतके अंतर राखणे, डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूने कधीही न घुसणे (ट्रकची मागची चाके पुढच्यांपेक्षा आतून वळतात) यांचाही सराव असाच होऊ शकतो. सर्वांत सावकाश सायकल चालविणारा जिंकतो ती जुनी शर्यत तोलाच्या शिक्षणाला आजही उत्तम आहे.

नेदरलँड्समधील बहुतेक मुले प्राथमिक शाळेच्या अखेरीस, अकराव्या-बाराव्या वर्षी, वाहतुकीची परीक्षा देतात. लेखी भागानंतरची प्रात्यक्षिक परीक्षा गावातल्या खऱ्या रस्त्यांवर होते. सायकल आधी तपासली जाते : ब्रेक, घंटी, दिवे. मार्ग ठरलेला असतो. वळणांवर व चौकांत स्वयंसेवक वह्या घेऊन उभे राहतात. हात दाखविला की नाही, मागे पाहिले की नाही, याची ते नोंद करतात. मूल मात्र सायकलवर एकटेच असते.