तापलेल्या मागच्या चाकाची कैफियत

नाशिकहून मुंबईकडे निघालेली मोटार इगतपुरी मागे टाकून कसाऱ्याचा घाट उतरू लागते, तेव्हा सुमारे 300 मीटर उंचीमुळे तिच्या ठायी साठलेली शक्ती कोठेतरी खर्ची पडणे अपरिहार्य असते. आणि जो चालक खालच्या गियरमध्ये इंजिनाला भार घेऊ न देता केवळ पायाखालच्या ब्रेकवर भिस्त ठेवतो, त्याच्या गाडीत त्या शक्तीचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये जमा होतो. माणसांसह गाडीचे वजन 1200 किलो धरले, तर या उतारावर सुमारे 35 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने 11 लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. घर्षणातून उष्णता वाटेल तितकी निर्माण होत राहते, ही गोष्ट काउंट रम्फर्ड याने म्युनिक येथे तोफेची नळी कोरण्याच्या प्रयोगात, अग्नीचा स्पर्शही न होऊ देता पाणी उकळवून सिद्ध केली आणि 1798 मध्ये जगापुढे मांडली. तेव्हा घाट उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक तापलेले असणे हा दोष नव्हे; तो निसर्गाचा नियमच होय.

दोष कोणता, हे ठरते ते तुलनेवरून. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. म्हणून गाडी थांबवण्याच्या कामाचा मोठा वाटा रचनाकार हेतुपुरस्सर पुढच्या चाकांकडे सोपवतात. ज्या चाकाकडे काम कमी, ते अधिक तापलेले आढळले, किंवा मागच्या दोन चाकांपैकी एकच रणरणत असून दुसरे कोमट असले, तर तेथे काहीतरी अस्थानी घर्षण अखंड चालू आहे, असे खुशाल समजावे. नाशिकच्या गंगापूर रस्त्यासारख्या सपाट वाटेवर काही किलोमीटर शक्य तितका ब्रेक न दाबता गाडी चालवावी, ती गियरच्या आधारे मंद करत थांबवावी, हँडब्रेक ओढू नये, आणि लगेच चारही चाकांचे तापमान पाहावे. कारखान्यांत दुरून तापमान मोजण्याचे जे उपकरण वापरतात ते येथे उत्तम. मात्र चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारच अल्प प्रमाणात प्रारित करतो, त्यामुळे घासून लखलखीत झालेल्या डिस्कवर हे उपकरण खरे तापमान पुष्कळच कमी दाखवते. नेम धरावा तो ड्रमच्या गंजट, काळवंडलेल्या कडेवर, आणि दोन्ही बाजूंना अगदी एकाच जागी. उपकरण नसेल तर चाकाच्या पत्र्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून ते चुरचुरतात काय, एवढे पाहावे. तापलेल्या ड्रमवर पाण्याची बादली मात्र कदापि ओतू नये, कारण बिडाचा ड्रम एकाएकी थंड झाल्यास तडकतो किंवा वाकतो.

एवढे झाल्यावर बहुतेक ठिकाणी जे घडते त्याबद्दल मला मनापासून खंत वाटते. ड्रम उघडला जातो, लायनर जळालेले दिसते, नवे लायनर बसवले जाते, आणि महिन्याभरात चाक पुन्हा तापते. जळालेले लायनर हा बहुधा परिणाम असतो. त्याला ड्रमवर दाबून कोण धरत होते, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. तो विचारण्याची वेळही महत्त्वाची आहे. गाडी रात्रभर थंड झाली की चाक पुष्कळदा मोकळे फिरू लागते, आणि मग तपासणारा मिस्त्री प्रामाणिकपणेच सांगतो की गाडीत काही नाही. तपास करावा तो लक्षण हजर असताना, हात भाजणार नाही एवढी दक्षता घेऊन.

गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दगड लावावेत, मागची बाजू जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड द्यावा, गियर न्यूट्रलला आणून हँडब्रेक पूर्ण सोडावा आणि संशयित चाक हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल तर प्रथम हँडब्रेकची केबल सैल करावी. तेवढ्याने चाक मोकळे झाले, तर गुन्हेगार सापडला: केबलच्या वेष्टनात पाणी शिरून आतली तार गंजली आहे आणि हँडब्रेक सोडल्यावरही ती मागे सरकत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात हँडब्रेक ओढून दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा विकार हमखास जडतो. कित्येकदा तर लायनर धरणारे ब्रेकचे शू ड्रमलाच गंजाने चिकटतात. दोन्ही मागची चाके सारखीच तापत असतील तर संशयाची सुई सर्वप्रथम याच केबलकडे वळावी.

केबल निर्दोष ठरली, तर ब्रेक ऑइलची पाळी. चाकाजवळचे ब्लीडर निपल किंचित उघडताच तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर पायाचा दाब सुटल्यावरही आत दाब कोंडून राहिला होता, हे सिद्ध झाले. तो कोंडला कोठे? रबरी होज पाइप जुना झाला की आतून फुगतो; पायाच्या जोराने तेल पुढे रेटले जाते, परंतु शूच्या स्प्रिंगच्या दुबळ्या जोराने ते परतू शकत नाही. म्हणून पुढच्या वेळी होजच्या अलीकडचा, म्हणजे मास्टर सिलिंडरकडचा जोड सैल करून पाहावा. तेथेच चाक सुटले तर दोष आणखी मागे, खुद्द मास्टर सिलिंडरपाशी आहे. तेथे सुटले नाही आणि निपलपाशीच सुटले, तर होज बदलावा. मास्टर सिलिंडरच्या दोषाची एक स्वतंत्र साक्षही मिळते: पुष्कळ छोट्या मोटारींत पुढचे एक आणि त्याच्या तिरक्या बाजूचे मागचे एक, अशा जोड्यांनी तेलाचे मार्ग विभागलेले असतात, त्यामुळे मागच्या डाव्या चाकाबरोबर पुढचे उजवेही तापत असेल तर मिस्त्रीने चाक सोडून बॉनेट उघडावे.

निपल उघडूनही चाक हटत नसेल, तर मग मात्र ड्रमच्या आतलाच दोष: तुटलेली स्प्रिंग, जाम झालेला व्हील सिलिंडर, अथवा प्रमाणाबाहेर पुढे सरकलेला ॲडजस्टर. ड्रम तापला की तो प्रसरण पावून शूपासून दूर जातो. त्या वाढलेल्या फटीला आपोआप जुळणारा ॲडजस्टर शूची झीज समजतो, शू पुढे ढकलतो, आणि ड्रम थंड होऊन आकुंचन पावला की शू त्याला घासू लागतात. मागे डिस्क असेल तर कॅलिपरचा पिस्टन आणि त्याच्या सरकत्या पिना तपासाव्यात. बेअरिंगचा विसर पडू नये. चाक घरघरत असेल, आडवे हलवल्यास खेळत असेल आणि उष्णता ड्रमच्या कडेपेक्षा मध्यभागी अधिक असेल, तर ब्रेक बिचारा निरपराध आहे.

कारण काहीही निघो, तापून निघालेले ब्रेक ऑइल बदलावे, असा माझा आग्रह आहे. हे तेल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट 3 जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की प्रमाणित मर्यादा 140 अंशांवर येते. तेल उकळून त्याची वाफ झाली की पायाचा दाब ती वाफ दाबण्यातच संपतो, पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. नवे तेल घालून, हवा काढून, केबलचा ताण ठरवून झाल्यावर त्याच सपाट रस्त्यावर तीच मोजणी पुन्हा करावी, आणि मागच्या दोन चाकांतील तफावत थोड्या अंशांवर येईतोवर दुरुस्ती पुरी झाली असे मानू नये.