द्राक्षासवाची बाटली किती दिवस टिकते?

पलूस तालुक्यातील द्राक्षबागायतदाराच्या घरी कोनाड्यात द्राक्षासवाची किंवा दशमूलारिष्टाची एखादी बाटली बहुधा आढळते. ती दोन-दोन वर्षे अर्धी पडून असते आणि घरातील कोणास अग्निमांद्य झाले की पुन्हा बाहेर निघते. आसव जितके जुने तितके गुणकारी, हा समज त्यामागे असतो.

या समजास आधार आहे. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, आसवे मात्र जुनी झाल्याने गुणयुक्त होतात, असे शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे. औषधविषयक नियमांत २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनेही आसवारिष्टांस १० वर्षांची मुदत दिली आहे. परंतु ही मुदत सीलबंद बाटलीची होय, उघडलेल्या बाटलीची नव्हे.

याचे कारण आसवाच्या घडणीतच आहे. मनुका, गूळ व धायटीची फुले घालून संधान लावले म्हणजे किण्वामुळे साखरेचा मद्यार्क बनतो. त्याचे प्रमाण सामान्यतः शेकडा ५ ते १० असते व त्यायोगे औषध टिकते. मात्र एवढ्या सौम्य मद्यार्कात शिर्क्याचे जंतू जगू शकतात. त्यांस वाढीसाठी हवा लागते. बाटली जसजशी रिकामी होते तसतशी आतील हवा वाढते आणि मद्यार्काचा शिर्का होऊ लागतो. द्राक्षमद्य तयार करणारे लोक पिंपे काठोकाठ भरलेली ठेवतात, ते याचसाठी.

म्हणून बाटली उपचारापुरतीच घ्यावी. वैद्याने १५ मिलिलिटर मात्रा दिवसातून दोन वेळा सांगितली असेल, तर ४५० मिलिलिटरची बाटली १५ दिवसांत संपते. मोठी बाटली स्वस्त पडते खरी, पण उरलेले औषध आंबले तर ती महागच पडली म्हणावयाची. पाणी पेल्यात मिसळावे, बाटलीत कधीही मिसळू नये. त्यामुळे मद्यार्क विरळ होऊन औषध लवकर बिघडते. झाकण घट्ट लावावे. पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हाच्या खिडकीत बाटली ठेवू नये. चैत्र-वैशाखात तेथील उष्णता औषधास बाधते. धान्याच्या खोलीतील अंधारा, गार कोपरा उत्तम. आसव आंबट असल्याने तांब्या-पितळेच्या भांड्यात ओतून ठेवणे घातक आहे.

तळाशी थोडा गाळ बसणे हा दोष नव्हे. शिर्क्यासारखा उग्र वास, पृष्ठावर पांढरी साय, गळ्याशी बुरशी किंवा झाकण काढताच फसफसून येणारा फेस, यांपैकी काहीही दिसल्यास औषध टाकून द्यावे. लेबलावरील मुदत शिल्लक आहे, ही सबब येथे चालत नाही.

ग्रामसेवकांनी घरभेटीच्या वेळी आणखी एक गोष्ट अवश्य पाहावी. बागायतदाराच्या घरी फवारणीची औषधे व पोटात घ्यावयाची औषधे पुष्कळदा एकाच फळीवर असतात, आणि आसवाच्या रिकाम्या बाटलीत उरलेले कीटकनाशक ओतून ठेवण्याची वाईट चाल काही ठिकाणी आहे. दोन्ही द्रव तपकिरी असले म्हणजे रात्रीच्या अंधारात फरक कळत नाही. आसवात मद्यार्क असल्याने ती बाटलीही मुलांच्या हाती लागता कामा नये. कीटकनाशके मूळच्याच डब्यात, घराबाहेर कुलपात ठेवावीत. आसवाची बाटली रिकामी होताच लेबल फाडून ती भंगारात द्यावी.