मेकॅनो आणि द्विबिंदू

सोलापुरातल्या ज्वारीच्या रोगांवरचं पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं? शेतीच्या, वनस्पतिशास्त्राच्या की सोलापूर जिल्ह्याच्या? पुस्तकाला जागा एकच मिळते. शोधणारे मात्र तिन्ही वाटांनी येतात. मेल्विल ड्यूईंच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत विषयांची घरं आधीच आखलेली होती. पुस्तक त्यांतल्या एकात बसवायचं.

हे कोडं सोडवलं एका गणिताच्या प्राध्यापकाने. शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला. पट्ट्या त्याच, नट-बोल्ट तेच. जोडणी बदलली की खेळणं वेगळं. विषयही असेच जोडता येतील, हे त्यांना तिथे उमगलं. बोल्टच्या जागी त्यांनी द्विबिंदू घेतला आणि १९३३ मध्ये ‘कोलन क्लासिफिकेशन’ प्रसिद्ध झालं.

पुढे त्यांनी विषयाचे पैलू पाच मूळ गटांत बसवले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ. प्रत्येकाला वेगळं विरामचिन्ह. ‘फुफ्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार, त्यावरचं भारतातलं १९५० मधलं संशोधन’ या विषयाचा वर्गांक होतो एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५. पहिल्यांदा पाहताना डोळे फिरतात, पण वाचता येऊ लागलं की अख्खं वाक्य दिसतं: वैद्यक, फुफ्फुस, क्षय, उपचार, क्ष-किरण, संशोधन, भारत, १९५०.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं साखळी निर्देशन. वर्गांकाची एकेक कडी शेवटाकडून सोडवत तालिकेत नोंदी करायच्या. मग ‘क्ष-किरण’ म्हणत आलेला वाचक आणि ‘क्षय’ म्हणत आलेला वाचक, दोघेही योग्य कपाटापाशी पोचतात. पुस्तक जागचं हलत नाही.

एवढा लांब अंक पुस्तकाच्या कण्यावर मावत नाही आणि आवृत्तीगणिक नियम बदलले, हे खरं. भारतातल्या बहुतेक ग्रंथालयांतही आज ड्यूईच आहे. म्हणून ही पद्धत फसली म्हणणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही. लंडनच्या वर्गीकरण संशोधन गटाने १९५५ मध्ये पैलूंची मांडणी हाच माहितीशोधाचा पाया असावा, असं मांडलं. संगणकाला तर कपाटच नसतं, कण्याची अडचणही उरत नाही. दुकानाच्या संकेतस्थळावर आपण साडी शोधतो तेव्हा आधी रेशीम निवडा, मग जांभळा रंग, मग किंमत. नाहीतर किंमत आधी. कुठूनही सुरुवात केली तरी त्याच पैठणीपाशी येतो.