भेटीची बंदूक आणि विम्याचा कागद

भेटवस्तूबरोबर पावती मागण्याची रीत नाही. वडिलांनी हौसेने दिलेल्या घड्याळाचे बिल मुलाने मागितले, तर तो उद्धटपणाच ठरेल. परंतु हीच सभ्यता एखाद्या दिवशी अंगाशी येते. घरफोडी होते, वस्तू जाते आणि विमा कंपनीचा माणूस साधाच प्रश्न विचारतो : ‘ही वस्तू तुमची होती कशावरून?’ वस्तू बंदूक असली, तर हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. चोरीस गेलेली बंदूक मालकाचे नुकसान करून थांबत नाही. ती पुढे कोणाच्या हाती पडेल आणि कोणावर रोखली जाईल, हे सांगता येत नाही.

अमेरिकेत आजोबांनी नातवाला शिकारीची बंदूक भेट देणे, ही जुनी कौटुंबिक प्रथा आहे. तेथील १९६८ च्या कायद्याने कारखानदार व आयातदार यांना प्रत्येक बंदुकीवर क्रमांक घालणे सक्तीचे केले. परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेणाऱ्यास अर्जही भरून द्यावा लागतो. मात्र १९८६ च्या कायद्याने बंदूकमालकांची देशव्यापी नोंदवही ठेवण्यास केंद्र सरकारला मनाई केली. परराज्यात राहणाऱ्यास बंदूक भेट द्यायची, तर ती दुकानदारामार्फत द्यावी लागते. पण एकाच राज्यातील दोन नातलगांमध्ये, निदान अनेक राज्यांत, ती कोणत्याही कागदावाचून हातोहात जाऊ शकते. परिणामी कागद सापडलाच तर तो दुकानदाराच्या दप्तरात सापडतो, आणि त्यावर नाव असते ते देणाऱ्याचे! ज्याच्या घरी चोरी झाली, त्याचे नाव कोठेच नसते. १९६८ पूर्वीच्या काही बंदुकांवर तर क्रमांकही आढळत नाही.

अशा वेळी विमा कंपनीचा संशय जाचक वाटला, तरी तो निराधार म्हणता येणार नाही. ज्याचे नुकसान झाले त्यालाच आणि झाले तेवढेच भरून द्यावे, हा विम्याचा पाया होय. नसलेल्या वस्तूंचे दावे मान्य होऊ लागले, तर त्यांचा भार प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्यांवरच पडेल. शिवाय तेथील अनेक गृहविमापत्रांत चोरीस गेलेल्या बंदुकांच्या भरपाईला वेगळी मर्यादा घातलेली असते. मौल्यवान बंदूक असेल, तर तिची स्वतंत्र नोंद करून मूल्यांकन जोडावे लागते. आजोबांच्या आठवणीची किंमत मात्र कोणतेही विमापत्र देत नाही.

भारतातील स्थिती याहून वेगळी आहे. जंगम वस्तूची भेट केवळ ताबा देऊन पूर्ण होऊ शकते, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. बंदुकीला तेवढ्याने भागत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार घेणाऱ्याजवळ परवाना हवाच. शिवाय देणाऱ्यानेही जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाजवळ असू शकणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने आलेल्या बंदुकांनाही तीच मर्यादा लावली. म्हणजे येथे मालकीचा पुरावा कायद्याच्या रीतीतूनच तयार होतो. तथापि आजोबा गेले, परवाना त्यांच्याच नावावर राहिला आणि बंदूक भिंतीवर टांगलेली राहिली, तर काय? ‘ती त्यांनी मला दिली होती,’ हे वाक्य अशा घरात विम्याच्या दाव्याला उपयोगी पडत नाहीच. उलट ते उच्चारणाऱ्यालाच विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा आरोपी करू शकते.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. बंदुकीच्या कारखानदाराचे नाव, प्रकार, नळीचे माप, क्रमांक, भेटीची तारीख आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्या एवढे एका कागदावर असावे. सोबत छायाचित्र आणि जाणकाराने ठरवलेली किंमत जोडावी. अमेरिकेच्या संबंधित सरकारी खात्याने तर नागरिकांनी स्वतःजवळ ठेवावा असा नोंदीचा नमुनाच छापलेला आहे. भारतात असा कागद परवान्याची जागा घेऊ शकत नाही. तो परवान्याच्या जोडीला ठेवावयाचा. त्याची एक प्रत घराबाहेर असावी. कारण आग लागली, तर वस्तूबरोबर तिचा पुरावाही जळून जातो. चोरीनंतर पोलिसांना बंदुकीचा माग काढावयाचा, तर त्यांनाही प्रथम क्रमांकच लागतो.

राहता राहिला संकोचाचा प्रश्न. घेणाऱ्याने कागद मागणे अशिष्ट वाटत असेल, तर देणाऱ्याने तो आपण होऊन द्यावा. बंदूकच नव्हे, तर लग्नात सुनेला घातलेल्या दागिन्यांनाही हेच लागू आहे. दिलेली वस्तू उद्या घेणाऱ्याला आपली म्हणून सिद्ध करता यावी, एवढी तजवीज करणे हाही देण्याचाच भाग आहे.