नफा आणि रोकड: जमाखर्चाचे घरबसल्या शिक्षण

सन २०१३च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील व्हार्टन या व्यापारविद्येच्या विद्यालयाने, १८८१ साली स्थापन झालेल्या आणि जिथे प्रवेश मिळावा म्हणून जगभरचे तरुण वर्षानुवर्षे तयारी करीत असतात अशा त्या संस्थेने, आपल्या पहिल्या वर्षाचे काही पायाभूत पाठ कोर्सेरा या शिक्षणमंचाच्या द्वारे इंटरनेटवर सर्वांस खुले केले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अँड्र्यू एन्ग आणि डॅफ्नी कोलर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी कोर्सेराची स्थापना केली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष दीड वर्ष झाले होते. त्या पाठांत वित्तीय लेखाशास्त्राचा, म्हणजे आपण ज्याला जमाखर्च म्हणतो त्याच्या शास्त्रशुद्ध रूपाचा, प्रवेशपाठ होता आणि तो प्राध्यापक ब्रायन बुशी यांनी सिद्ध केला होता. जमिनीत दडलेल्या जुन्या वस्तू हुडकण्याचा छंद असणाऱ्यांना धातुशोधक यंत्रे भाड्याने देणारी एक काल्पनिक कंपनी कल्पून, तिच्या स्थापनेपासूनचे सर्व व्यवहार विद्यार्थ्याकडून एकामागून एक लिहवून घ्यायचे, अशी त्यांची रीत आहे. मध्येच काही कल्पित विद्यार्थी शंका विचारतात, प्राध्यापक त्यांचे समाधान करतात, आणि मग चित्रफीत थांबवून तुम्हीच उत्तर काढा, असे सांगितले जाते. ताळेबंद, नफातोटा पत्रक, रोकड प्रवाहाचे पत्रक आणि शेवटी या तिहींचे गुणोत्तरांच्या साहाय्याने वाचन, अशा क्रमाने हा पाठ पुढे सरकतो.

जमाखर्च म्हणजे बेरीज-वजाबाकीचे रुक्ष काम, ते कारकुनाने करावे आणि हिशेबतपासनिसाने तपासावे, अशी समजूत सुशिक्षित मराठी घरांतही फार खोल रुजलेली आहे. शाळेत कला वा विज्ञान शाखेकडे वळलेल्या माणसाचा या विद्येशी पुढे आयुष्यभर संबंध येत नाही. आणि तरीही तोच माणूस सहकारी पतपेढीचा सभासद असतो, कंपन्यांचे समभाग खरेदी करतो, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत हिशेबपत्रकांच्या मंजुरीसाठी हात वर करतो. ज्या कागदावर आपण संमतीची मोहोर उठवतो तो कागद वाचता येऊ नये, ही मला नागरिक म्हणून एक मोठी उणीव वाटते. आणि वयाच्या कोणत्याही टप्प्यावर, नोकरी-संसार सांभाळून, कोणाच्याही परवानगीविना ती भरून काढण्याची सोय आज झालेली आहे, याचे मोल मी फार मानतो.

या विद्येचे मर्म गणितात फारसे नाही, ते काळाच्या विचारात आहे. पैसा हाती येण्याची वेळ आणि तो कमावल्याची वेळ, पैसा हातून जाण्याची वेळ आणि खर्च घडल्याची वेळ, या वेळा निरनिराळ्या असू शकतात; आणि कमाई ज्या काळातली असेल त्याच काळाच्या पत्रकात ती कमाई, व ती मिळवण्यासाठी झालेला खर्च, घालायचा, हे उपार्जनाचे तत्त्व सर्व लेखाशास्त्राचा कणा आहे. वाचून हे सोपे वाटते, परंतु त्याचा प्रत्यय आकड्यांतच येतो, म्हणून एक लहानसे उदाहरण सविस्तर मांडतो.

समजा, एका बाईंनी १ एप्रिल रोजी स्वतःचे १,००,००० रुपये भांडवल आणि बँकेचे ५०,००० रुपये कर्ज घेऊन मसाल्यांचा व्यवसाय आरंभला. त्यांनी ६०,००० रुपयांचे कांडप यंत्र घेतले, जे पाच वर्षे चालेल असा अंदाज आहे. वर्षभरात ८०,००० रुपयांच्या मिरच्या, धने व इतर जिन्नस रोखीने आणले. त्यांपैकी २०,००० रुपयांचा माल वर्षअखेर शिल्लक राहिला. विक्री १,५०,००० रुपयांची झाली, परंतु दुकानदारांकडून त्यांतले ९०,०००च वसूल झाले आणि ६०,००० येणे राहिले. जागेचे वर्षाचे भाडे २४,००० रुपये, आणि मालकाच्या आग्रहावरून पुढील तीन महिन्यांचे ६,००० रुपयेही त्यांनी आगाऊ दिले. कर्जावरचे वर्षाचे ५,००० रुपये व्याज मात्र अजून द्यायचे आहे.

आता या बाईंना ३१ मार्चला नफा झाला की तोटा? विक्रीचे १,५०,००० ही सर्व कमाई याच वर्षाची, मग वसुली झालेली असो वा नसो. तिच्यापुढे खपलेला माल ६०,०००, याच वर्षाचे भाडे २४,०००, यंत्राच्या किमतीचा एक पंचमांश म्हणजे घसारा १२,०००, आणि न दिलेले पण लागू झालेले व्याज ५,०००, असा एकूण १,०१,००० रुपये खर्च मांडला की नफा ४९,००० रुपये उरतो. व्यवसाय भरभराटीस लागला, असे कोणीही म्हणेल. परंतु रोकड पाहावी तर व्यवसायाच्या रोजच्या व्यवहारांत ९०,००० आले आणि माल व भाडे मिळून १,१०,००० गेले. म्हणजे धंद्याने २०,००० रुपये रोकड मिळवली नाही, उलट गिळली. यंत्राचे ६०,००० गेले ते निराळेच. गल्ल्यात आज जे ७०,००० दिसतात ते भांडवलाचे व कर्जाचे उरलेले पैसे आहेत, मसाल्यांनी कमावलेले नव्हेत.

४९,००० रुपये नफा आणि उणे २०,००० रुपये रोकड, ही दोन्ही विधाने एकाच वर्षाविषयी, एकाच धंद्याविषयी, आणि दोन्ही खरी आहेत. हा विरोध ज्याला उलगडला त्याला लेखाशास्त्राचा अर्धा प्रवेश झाला असे मी म्हणेन. त्याचा उलगडाही त्याच आकड्यांत आहे: नफ्यात रोकड न जाता वजा झालेला घसारा १२,००० आणि न दिलेले व्याज ५,००० मिळवावे, येण्यात अडकलेले ६०,०००, शिल्लक मालात गुंतलेले २०,००० आणि आगाऊ भाड्याचे ६,००० वजा करावे, उत्तर नेमके उणे २०,००० येते. प्रवेशपाठातील विद्यार्थी बहुधा या रोकड प्रवाहाच्या पत्रकापाशी येऊनच अडखळतात, आणि इथेच पाठ सोडून देण्याचा मोह होतो. इथे थांबू नये. कागद घ्यावा, यंत्र, माल, येणे, आगाऊ भाडे आणि रोकड यांची बेरीज मांडावी, दुसऱ्या बाजूस कर्ज, देय व्याज आणि नफ्याने वाढलेले भांडवल मांडावे, आणि दोन्ही बाजू २,०४,००० रुपयांवर जुळलेल्या स्वतःच्या हाताने पाहाव्यात.

दोन बाजू जुळवण्याची ही रीत पंधराव्या शतकातच पुरती प्रस्थापित झालेली होती. लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाने १४९४ साली व्हेनिस येथे गणिताचा जो बृहद्ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, त्यातील एका प्रकरणात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची ही द्विनोंदी पद्धती सविस्तर वर्णिलेली आहे. पाचोली तिचा जनक नव्हे. व्यापारी ती त्याच्या आधीपासून वापरीत होते, आणि बेनेदेत्तो कोत्रुली याने १४५८ सालीच तिच्याविषयी लिहून ठेवले होते. परंतु पाचोलीचे पुस्तक छापले गेले आणि त्यामुळे ती विद्या व्हेनिसच्या पेढ्यांबाहेर पडून युरोपभर पोचली. त्याने सांगितलेल्या तीन वह्या, म्हणजे प्रथम जसे घडले तसे टिपून ठेवण्याची स्मरणवही, मग रोजकीर्द, मग खतावणी, यांचा क्रम आजचा संगणकही पडद्याआड पाळीत असतो. छापखान्याने तेव्हा जे केले तेच आज इंटरनेट करीत आहे, असे मला मनापासून वाटते. पेढीवर मुनिमाच्या हाताखाली उमेदवारी केल्यावाचून न मिळणारी विद्या खेड्यातल्या शिक्षिकेच्या हाती येऊ लागली आहे.

नवशिक्याची आणखी एक हमखास अडचण नावे आणि जमा यांची. बँकेत पैसे भरले की खात्यात जमा झाले असा निरोप आपल्याला येतो, आणि पाठात तर रोकड वाढली की ती नावे लिहा असे सांगतात. तेव्हा माणूस गोंधळतो. गोंधळ मिटतो तो हिशेब कोणाच्या वहीतला आहे हे विचारल्यावर. बँकेत ठेवलेला पैसा ही आपली मत्ता, म्हणून आपल्या वहीत तो नावे पडतो. तोच पैसा बँकेचे आपल्याला देणे, म्हणून बँकेच्या वहीत तो जमा होतो. बँकेचा निरोप तिच्या वहीतून आलेला असतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

दूरस्थ शिक्षणाचा एक धोका इथे स्पष्टपणे सांगितला पाहिजे. पडद्यावर कुशल अध्यापक एखादी नोंद करून दाखवतो तेव्हा आपल्याला ती कळली असा भास फार लवकर होतो, आणि तो भास टिकतो तो केवळ दुसरी नोंद स्वतः करायला बसेपर्यंत. ही हाताची विद्या आहे. चित्रफितीचा वेग वाढवून एका रविवारी आठवड्याचे पाठ उरकणाऱ्यापेक्षा, रेघा मारलेल्या वहीत रोज अर्धा तास दहा नोंदी करून त्यांची तेरीज, म्हणजे नावे व जमा रकमांच्या बेरजा, जुळवणारा विद्यार्थी महिन्याभरात कितीतरी पुढे गेलेला असतो. तेरीज जुळेना तर अध्यापकाचे उत्तर पाहण्यापूर्वी चूक स्वतः हुडकावी. चूक शोधतानाच कोणती नोंद कोणत्या खात्याला स्पर्श करते याचे ज्ञान पक्के होते.

परदेशी पाठ घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने हेही जाणले पाहिजे की तत्त्वे एक असली तरी कायदा निराळा आहे. अमेरिकन ताळेबंदात रोकड व इतर चालू मत्ता वर, आणि जमीन-यंत्रे खाली. आपल्याकडे २०१३च्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाचा नमुना निराळा असतो, आणि नव्या भारतीय लेखामानकांप्रमाणे चालणाऱ्या कंपन्यांच्या ताळेबंदात स्थिर मत्ता आधी येते. शेवटी आलेला माल आधी खपला असे धरून शिल्लक मालाचे मूल्य ठरवण्याची मुभा अमेरिकेत आहे, भारतात नाही. उलट जमीन-इमारतींचे पुनर्मूल्यन करून वाढीव किंमत ताळेबंदात दाखवणे इथे चालते, तिथे चालत नाही. ज्याला प्रथमपासून भारतीय चौकटच हवी असेल त्याच्यासाठी एनपीटीईएलवर, म्हणजे आय. आय. टी. आणि बंगळुरूची विज्ञानसंस्था यांनी २००३ साली आरंभिलेल्या उपक्रमात, मुंबईच्या आय. आय. टी.तील अध्यापकांचा वित्तीय लेखाशास्त्राचा पाठ आहे. जुलै २०१७मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर असे अभ्यासक्रम विनामूल्य घेता येतात, आणि प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून मुक्रर केलेल्या केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. मराठीतून शिकू इच्छिणाऱ्याला अकरावी-बारावीची ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ ही पाठ्यपुस्तके सोबत ठेवता येतील. त्यांतली भाषा स्वच्छ आहे आणि उदाहरणे मुबलक आहेत.

या प्रवेशपाठाकडून भलतीच अपेक्षाही करू नये. त्याने टॅली चालवता येणार नाही, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरता येणार नाही, आयकराची वजावट कळणार नाही. त्या निराळ्या विद्या आहेत. आणि पत्रके वाचता येऊ लागली तरी खोटेपणा नेहमी पकडता येईल असेही नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी आपल्या पत्रात कबूल केले की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोकड व बँकशिल्लकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. नफ्यापेक्षा रोकड अधिक विश्वासार्ह, हे पाठात शिकलेले तत्त्व तिथे अपुरे पडले, कारण रोकडच बनावट होती. बँकेकडून स्वतंत्रपणे शिलकेची रुजुवात करून घेणे हे हिशेबतपासनिसाचे काम. वाचकाने तपासनिसाचा अहवाल आणि पत्रकांखालच्या टिपा आधी वाचाव्यात, आकडे नंतर.

गुणोत्तरांचा भाग पाठाच्या शेवटी येतो आणि घाईत उरकला जातो, तो तसा उरकू नये. वरच्या मसाल्याच्या उदाहरणात १,५०,००० रुपयांच्या विक्रीवर ६०,००० येणे आहे, म्हणजे त्या बाईंचे पैसे सुमारे १४६ दिवसांच्या विक्रीइतके दुकानदारांकडे अडकले आहेत; त्यांना नवे कर्ज हवे की दुकानदारांकडे तगादा, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

पाठ संपल्यावर पहिला सराव म्हणून मोठ्या कंपनीचा अहवाल घेण्यापेक्षा आपल्याच गृहनिर्माण संस्थेचा ताळेबंद घ्यावा. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा भरते, आणि तिच्यापूर्वी हिशेबपत्रके सभासदांच्या हाती येतात. त्यांत देण्याच्या बाजूस सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीची, रक्कम पाहावी. आदर्श उपविधींनुसार प्रत्येक सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या किमान ०.२५ टक्के इतकी रक्कम दरसाल या निधीसाठी गोळा करायची असते. मग मत्तेच्या बाजूस त्या निधीपोटी बँकेत ठेवलेल्या मुदतठेवी पाहाव्यात. दोन रकमांत मोठे अंतर असेल, तर निधीचा पैसा दैनंदिन खर्चात वापरला गेला आहे किंवा सभासदांच्या थकबाकीत अडकला आहे. यांपैकी काय घडले ते जमाखर्चाच्या पत्रकात आणि थकबाकीच्या यादीत शोधावे, आणि न सापडल्यास सभेच्या आधी सचिवांना लेखी विचारावे.