उपग्रहाला दिसणारे जंगल

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या जंगलाचे चित्र उपग्रहाने ऑक्टोबरात घेतले आणि पुन्हा एप्रिलमध्ये घेतले, तर दुसऱ्या चित्रात बरेचसे जंगल नाहीसे झाले असे वाटेल. प्रत्यक्षात एकही झाड तुटलेले नसेल. साग आणि त्याच्या सोबतच्या पानझडी वृक्षांनी पाने गाळलेली असतात, एवढेच. मग उपग्रहाला नेमके काय दिसते?

त्याला झाड दिसत नाही. झाडावरून परावर्तित झालेला प्रकाश दिसतो. पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते. डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मात्र पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या मोठ्या प्रमाणात परत फेकतात. समजा, पानांनी भरलेल्या जंगलावरून ५० टक्के अवरक्त आणि ८ टक्के तांबडा प्रकाश परत आला. दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागले की ४२ भागिले ५८, म्हणजे सुमारे ०.७२ हा आकडा येतो. यालाच वनस्पती निर्देशांक म्हणतात. उघड्या जमिनीवरून ३० आणि २५ टक्के प्रकाश आला, तर हाच आकडा ०.०९ इतका खाली येतो. निष्पर्ण सागवनाचा आकडाही असाच घसरतो. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना चित्रे एकाच ऋतूतील हवीत. पावसाळ्यात ढग आड येतात. पाऊस संपल्यानंतरचे, पानगळीपूर्वीचे महिने त्यासाठी सोयीचे.

१७ मार्च १९८८ रोजी सोडलेला आय.आर.एस.-१ए हा भारतीय उपग्रह दर २२ दिवसांनी त्याच जागेवरून जात असे. अशा चित्रांमुळे दुर्गम भागातील बदलही टिपता येऊ लागले. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील खेडी आणि जंगलातील बदल यांवरचा हरिणी नागेंद्र व सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात जंगलाचे तुकडे पडण्याचाही विचार होता. १०० हेक्टरांचे सलग जंगल आणि १० हेक्टरांचे दहा विखुरलेले तुकडे यांची बेरीज सारखीच, पण वाघाच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था देशाचे वनक्षेत्र मोजते, तेव्हा एक हेक्टर किंवा अधिक जागेवर १० टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र असले की ती जागा वनक्षेत्रात धरली जाते. मग ते नैसर्गिक मिश्र जंगल असो, सागाची लागवड असो वा आमराई. छत्राखाली बांबूची बेटे किती, नवी रोपे उगवत आहेत की नाहीत, हे या आकड्यातून कळत नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. २००६ च्या वन हक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला तिच्यावर हक्क मागता येतो. अर्ध्या एकराचे शेत आणि त्यात राखलेले मोहाचे दोन वृक्ष अशी कल्पना करा. ज्या चित्रात एक ठिपका २३.५ मीटर लांब-रुंद जागेचा असतो, त्यात हे शेत जेमतेम चार ठिपक्यांचे होईल. त्या ठिपक्यांत पीक, मोह आणि शेजारचे जंगल यांचा प्रकाश मिसळून जाईल. ‘चित्रात शेत दिसत नाही’ याचा अर्थ ‘शेत नव्हते’ असा होत नाही. २०१२ च्या सुधारित नियमांतही म्हटले आहे, की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक ठरेल, त्यांची जागा घेणार नाही.

म्हणूनच चित्र हाती आल्यावर त्यातील काही जागी प्रत्यक्ष जाऊन पाहणी करावी लागते. हे काम शाळेतही सुरू करता येईल. परिसरातील साग, ऐन, मोह आणि पळस यांची चार-पाच झाडे निवडा. पानगळ कधी सुरू झाली, झाड पूर्ण निष्पर्ण कधी झाले आणि नवी पालवी कधी फुटली, याच्या तारखा विद्यार्थ्यांना दरवर्षी लिहायला सांगा. काही वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, की चित्रातील उघडी जागा तोडीमुळे झाली की पानगळीमुळे, हे ओळखायला त्यांचा उपयोग होईल.